सेरेंगेटीची सफारी

पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत 'सफारी' या शब्दाचा अर्थ केवळ प्रवास एवढाच आहे. मूळच्या अरबी शब्दावरून तो तिकडे गेला, आणि त्याच मुळातून निघालेला 'सफर' हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. हिंदी महासागरातून ये-जा करणाऱ्या गलबतांनी मालाबरोबर शब्दांचीही पुष्कळ देवघेव केली आहे. टांझानियातील माणूस मोटारीला 'गारी', पैशाला 'पेसा' आणि दुकानाला 'दुका' म्हणतो. चपातीला तर तो चपातीच म्हणतो. तेव्हा तिकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशास सर्वस्वी परक्या मुलखात आल्यासारखे वाटण्याचे कारण नाही.

एके काळी परदेशी लोकांच्या तोंडी सफारी म्हणजे शिकारीची मोहीम असे. बंदूकधारी शिकारी पुढे आणि ओझी वाहणाऱ्या हमालांची रांग मागे, असा तो थाट होता. पुढे १९७७ साली केनियाने शिकारीवर बंदी घातली. आज सेरेंगेटीला जाणाऱ्या प्रवाशाच्या हाती दुर्बीण आणि कॅमेरा असतो.

सेरेंगेटी हे टांझानियातील राष्ट्रीय उद्यान १९५१ साली स्थापन झाले. त्याचा विस्तार १४,७६३ चौरस किलोमीटर आहे. उत्तरेस त्याला लागूनच केनियातील मसाई मारा हे अभयारण्य आहे, आणि प्राणी एकातून दुसऱ्यात मोकळेपणाने जातात-येतात. येथे कोणत्या महिन्यात जावे, हा प्रवाशाचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर प्रवाशाच्या सुट्टीवर नव्हे, तर पावसावर आणि गवतावर अवलंबून आहे.

या प्रदेशात नू नावाचे दहा लाखांहून अधिक प्राणी राहतात. नूची शिंगे गाईसारखी आणि शेपूट घोड्यासारखे दिसते. पण तो कुळाने हरणांना जवळचा. लाखो झेब्रे आणि गॅझेल हरणे यांच्यासह हे कळप वर्षभर कोवळ्या गवताच्या मागे फिरत असतात. जानेवारी ते मार्च या काळात ते दक्षिणेकडील आखूड गवताच्या माळावर असतात. तेथील माती ज्वालामुखीच्या राखेची असून गवतात चुन्याचा अंश भरपूर असतो. पिल्लांना दूध पाजणाऱ्या माद्यांना ते फार मानवते. बहुतेक पिल्ले फेब्रुवारीच्या सुमारास, थोड्याच आठवड्यांत जन्मतात. नवजात पिल्लू काही मिनिटांतच उभे राहून आईमागे धावू लागते, कारण सिंह आणि तरस जवळच टपलेले असतात. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. तेव्हा वाटा चिखलाने भरतात, परंतु राहण्याचा खर्चही कमी येतो. जूनच्या सुमारास कळप पश्चिमेकडे व उत्तरेकडे सरकू लागतात, जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान सुसरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात आणि नोव्हेंबरात पाऊस सुरू होताच दक्षिणेकडे वळतात. या मुक्कामांचे महिने पावसाप्रमाणे मागेपुढे होतात. म्हणून नदी ओलांडण्याचे दृश्य पाहायचे असेल त्याने एकाच दिवसाची आखणी करू नये. कळप तासन् तास काठावर उभा राहतो आणि कधी कधी तसाच माघारी फिरतो!

सामान बेताचेच घ्यावे. लहान विमानाने आत जायचे असेल तर साधारण पंधरा किलोपर्यंतच सामान, तेही मऊ पिशवीत, नेता येते. प्लास्टिकच्या पिशव्या मात्र घरीच ठेवाव्यात. केनियाने २०१७ साली व टांझानियाने २०१९ साली त्यांवर बंदी घातली आहे. कपडे मातकट रंगाचे असावेत. काळ्या व गडद निळ्या रंगाकडे त्से-त्से माशी ओढली जाते आणि तिचा दंश चांगलाच झोंबतो. विषुववृत्त जवळ असले तरी पहाटे उघड्या मोटारीत कडाक्याचा गारवा लागतो, तेव्हा लोकरीचा एक कपडा हवाच. हिवतापाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पीतज्वराची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी टोचून घेऊन तिचा दाखला पासपोर्टाजवळ ठेवावा. केनियाहून परतणाऱ्या प्रवाशाजवळ हा दाखला नसल्यास भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते.

मोटारीत बसल्यावर खरी शिस्त लागते. सिंह मोटार ओळखतो आणि बहुधा तिच्याकडे दुर्लक्ष करतो. परंतु माणूस खाली उतरला की चित्र पालटते. म्हणून वाटाड्याने सांगितल्याखेरीज दार उघडू नये, हातपाय बाहेर काढू नयेत, मोठ्याने बोलू नये.

प्राण्यांपासून माणसाला धोका असतो हे सर्वांना ठाऊक असते. माणसापासून प्राण्यांना होणारा उपद्रव मात्र सहसा ध्यानात येत नाही. चित्ता दिवसा शिकार करतो. त्याच्याभोवती मोटारींचे कडे पडले की सावज सावध होते, आणि धावून दमलेल्या मादीला पिल्लांसाठी पुन्हा शिकार शोधावी लागते. मसाई मारातील चित्त्यांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात एका वेतातील सरासरी दोनहून अधिक पिल्ले मोठी होऊन स्वतंत्र झाली. वर्दळ फार असलेल्या भागात ही सरासरी एकाच्याही बरीच खाली होती. एका प्राण्याजवळ पाचांहून अधिक मोटारी थांबू नयेत असा मारातील नियम आहे, पण गर्दीच्या दिवसांत तो मोडलेला दिसतो.

याचा दोष एकट्या मोटार हाकणाऱ्याला देता येत नाही. प्राणी जितका जवळून दाखवावा तितके बक्षीस मोठे, अशी त्याची समजूत प्रवाशांनीच करून दिलेली असते. ती पहिल्याच सकाळी दूर करावी. आम्हांला लांबून पाहिले तरी चालेल, बक्षीस त्यामुळे कमी होणार नाही, असे त्याला स्पष्ट सांगावे. त्यासाठी स्वाहिलीतील 'पोले पोले', म्हणजे 'सावकाश, सावकाश', हे दोन शब्द शिकून ठेवावेत. ते ऐकले की तो मोटार थांबवून यंत्र बंद करतो, आणि थोड्या वेळाने गवतातील हालचाल दिसू लागते.