बंबाच्या गरम पाण्यावर पावसाळ्यात कपडे वाळविणे

मृग नक्षत्र लागले की कोकणात आणि घाटमाथ्यावर शेतीच्या कामांबरोबरच ओल्या कपड्यांचा प्रश्न सुरू होतो. आषाढात चिखलणी व लावणी एकाच वेळी चालतात. इरले किंवा घोंगडी घेतली तरी कमरेखालचे कपडे दिवसभर पाण्यातच असतात. संध्याकाळी धुऊन वलणीवर टाकलेले लुगडे किंवा धोतर सकाळी तसेच ओलसर असते व तेच अंगावर घालून माणसे पुन्हा शेतात उतरतात. ओला कपडा तासन् तास अंगाला लागून राहिल्याने गजकर्णासारखे बुरशीचे रोग बळावतात. लहान मुलांचे लंगोट ओलसर राहिले तर त्यांची कातडी सोलवटते. स्त्रियांनी मासिक पाळीच्या वेळी वापरावयाची कापडे आडोशाला, ओलसर जागी वाळत घालावी लागतात व त्यांपासूनही रोगाचे भय असते. लावणीच्या ऐन हंगामात घरातील एक माणूस आजारी पडले तर दोन हातांचे काम थांबते. म्हणून कपडे वाळविणे हा केवळ घरकामाचा प्रश्न नसून शेतीच्या कामाचाही प्रश्न आहे.

ज्या घरी स्नानासाठी रोज लाकडावर बंब तापतो, त्या घरी या प्रश्नाचा एक सोपा उपाय हाताशीच असतो. युरोपातील थंड प्रदेशांत लाकडावरील बॉयलरचे गरम पाणी नळांतून घरभर फिरवून खोल्या उबदार ठेवतात आणि त्याच नळांच्या उष्णतेवर कपडेही वाळवितात. आपल्याकडे खोल्या तापविण्याची गरज नाही. परंतु तापलेल्या पाण्याची उष्णता आधी कपड्यांना व मग स्नानाला, असा क्रम लावता येतो.

चालू पद्धतीतील दोष

पावसाळ्यात बहुतेक घरांत चुलीवर टांगलेल्या बांबूच्या चौकटीवर किंवा चुलीशेजारच्या दोरीवर कपडे टाकतात. त्यामुळे कपड्यांना धूर व काजळी लागते आणि ठिणगी उडाल्यास कपडा पेटतो. पूर्वी घरात सुती कपडाच असे. आता टेरिलीन, नायलॉन अशा धाग्यांचे कपडे घरोघरी आहेत. ते पेटले की वितळून कातडीला चिकटतात व जखम खोल होते.

याहून घातक पद्धत म्हणजे पेटत्या कोळशांची शेगडी बंद खोलीत ठेवून भोवती कपडे टांगणे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत झोपलेली माणसे त्यामुळे झोपेतच दगावतात. ही पद्धत कोणीही, कोणत्याही कारणाने वापरू नये.

गरम पाण्याचा विशेष हा की, उघड्या भांड्यातील पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या वर तापत नाही. त्या उष्णतेने कपडा पेटत नाही. विस्तव न्हाणीघरात राहतो आणि कपड्यांपर्यंत फक्त ऊब जाते.

कपडे वाळतात कसे?

उष्णता दिली की कपडा वाळतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. कपड्यातील पाण्याची वाफ होऊन ती हवेत मिसळली पाहिजे आणि ती ओली हवा तेथून निघून गेली पाहिजे.

हवेत पाण्याची वाफ मावण्यास मर्यादा असते. २५ अंश तपमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम वाफ मावते. हीच मर्यादा ३५ अंशांना सुमारे ४० ग्रॅम होते. पावसाळी रात्री बाहेरची हवा जवळजवळ भरलेली असते. तिच्यात कपड्यातील पाणी घेण्यास जागाच उरत नाही. तीच हवा दहा अंशांनी तापविली की तिची पाणी घेण्याची ताकद पुष्कळ वाढते. परंतु ती हवा कोंडून ठेवली तर थोड्याच वेळात तीही भरते व वाळण्याचे काम थांबते. खोलीची दारे घट्ट लावून कपडे वाळवू पाहणाऱ्यांची फसगत होते, ती येथेच. खालून कोरडी उबदार हवा शिरली पाहिजे आणि वरून ओली हवा बाहेर गेली पाहिजे.

वाळवण पेटीची रचना

न्हाणीघराला लागून असलेल्या पडवीत ही पेटी उभी करावी. तिचे दोन भाग असतात.

पहिला भाग पाण्याची टाकी. ती पत्र्याची, १ मीटर लांब, ६० सें.मी. रुंद व १५ सें.मी. उंच अशी चपटी करून घ्यावी. तिच्यात ८० लिटर पाणी सहज राहते. चपट्या आकारामुळे पाण्याची उष्णता हवेला लवकर मिळते. टाकी वरून बंद असावी. मात्र तिच्या एका कोपऱ्यात सुमारे अडीच सें.मी. व्यासाची उभी नळी बसवून तिचे तोंड पेटीच्या बाहेर उघडे ठेवावे. या नळीवाटे टाकीतील वाफ बाहेर जाते व कपड्यांना लागत नाही. टाकी जमिनीपासून ३० सें.मी. उंचीवर विटांच्या टेकूंवर ठेवावी. भरलेल्या टाकीचे वजन ८० किलोहून अधिक होते, म्हणून टेकू भक्कम असावेत.

बंब ६० सें.मी. उंचीच्या ओट्यावर बसवावा, म्हणजे त्याच्या तोटीतील पाणी नळीने आपोआप टाकीत उतरते व उकळते पाणी हाताने वाहून न्यावे लागत नाही. नळी धातूची किंवा गरम पाण्यासाठी बनविलेली असावी. साधी पी. व्ही. सी. नळी गरम पाण्याने मऊ पडते. टाकीची तोटी न्हाणीघराच्या बाजूस, मोरीवर येईल अशी काढावी. मोरी एक पायरी खाली असल्यास तोटीखाली बादली नीट बसते.

दुसरा भाग म्हणजे टाकीवरचा सांगाडा. तो बांबूचा, टाकीच्या कडेने हवा वर जाईल इतका टाकीपेक्षा थोडा अधिक लांब-रुंद व पावणेदोन मीटर उंच करावा. चारही बाजू विणलेल्या झापांनी किंवा फळ्यांनी बंद कराव्यात. एका बाजूस दार ठेवावे. खाली जमिनीलगत १५ सें.मी. जागा सर्व बाजूंनी मोकळी सोडावी. वर साधारण २० सें.मी. लांबी-रुंदीचे एक तोंड ठेवून त्यावर तिरके छप्पर करावे. हे तोंड घराबाहेरच्या बाजूस असावे. भाताची कणगी, बियाणे किंवा पेंढा यांच्याकडे ओली हवा सोडल्यास तेथे बुरशी धरते. सांगाड्याच्या वरच्या बाजूस पाच आडव्या काठ्या बांधाव्यात. दोन काठ्यांमध्ये किमान १० सें.मी. अंतर असावे.

वापरण्याची पद्धत

१. कपडे दोघांनी धरून चांगले पिळावेत. हाताच्या पिळ्याने जे पाणी निघते, त्यासाठी एक काडीही जाळावी लागत नाही.

२. पिळलेले कपडे आधी पडवीतील वलणीवर टाकून ठिबकणे थांबेपर्यंत ठेवावेत. मगच पेटीत घालावेत.

३. कपडे काठ्यांवर एकेरी पसरावेत. लुगडे घड्या घालून न टाकता दोन-तीन काठ्यांवरून फिरवावे. कपड्याची खालची कड टाकीपासून ३० सें.मी. वर राहावी.

४. रात्रीच्या स्वयंपाकाच्या सुमारास बंब पेटवावा. पाणी सुमारे ८० अंशांपर्यंत तापवावे. भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे येऊ लागले, पण पाणी उसळले नाही, अशी ही अवस्था असते. बंब ४० लिटरचा असल्यास दोन वेळा तापवून टाकी भरावी.

५. पेटीचे दार लावून रात्रभर तसेच ठेवावे. खालची व वरची हवेची वाट बुजवू नये.

६. पहाटे टाकीतील पाणी कोमट, साधारण ४४ अंशांपर्यंत उतरलेले असते. ते तोटीने काढून स्नानाला वापरावे व कपडे काढून घ्यावेत.

जळणाचा हिशेब

एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक एकक, असे येथे धरले आहे. कपड्यातील एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५८० एकके लागतात. म्हणजे पाणी तापविणे सोपे, पण त्याची वाफ करणे फार खर्चाचे.

टाकीतील ८० लिटर पाणी ८० अंशांपासून ४४ अंशांपर्यंत थंड होताना २,८८० एकके देते. त्यांतील निम्मी कपड्यांच्या कामी आली व उरलेली बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर गेली, असे धरले तर सुमारे अडीच लिटर पाणी कपड्यांतून निघते. हाताने चांगले पिळलेल्या सुमारे ३ किलो कपड्यांना, म्हणजे लहान कुटुंबाच्या एका दिवसाच्या नेमक्या गरजेच्या कपड्यांना, हे पुरते.

वाळलेल्या लाकडाच्या एका किलोपासून सुमारे ३,५०० एकके मिळतात. बंबात त्यांपैकी ४० टक्के पाण्याला लागतात असे धरल्यास १,४०० एकके हाती येतात. स्नानापुरते ८० लिटर पाणी २५ अंशांवरून ४४ अंशांपर्यंत तापविण्यास १,५२० एकके, म्हणजे एक किलोहून थोडे अधिक लाकूड लागतेच. ते ८० अंशांपर्यंत नेण्यास आणखी सुमारे दोन किलो लाकूड लागेल. कपडे वाळविण्याचा खरा खर्च एवढाच आहे. कपडे न पिळता दुप्पट ओले टाकले, तर दोन किलोंची चार किलो होतील आणि कपडे एका रात्रीत वाळणारही नाहीत.

ओले लाकूड जाळल्यास त्याची बरीच उष्णता त्याच्यातीलच पाणी उडविण्यात जाते व धूर होतो. म्हणून जळण वैशाखातच फोडून कोरड्या जागी रचून ठेवावे. बागेतील छाटणीच्या फांद्या, नारळाची सोडणे व करवंट्या यांचा उपयोग प्रथम करावा. काजूच्या बियांची टरफले मात्र बंबात घालू नयेत. त्यांतील तेल दाहक असून त्याच्या धुराने डोळे व घसा यांची आग होते.

ज्या घरी गॅसवर किंवा विजेवर पाणी तापते, त्यांनी केवळ कपड्यांसाठी बंब पेटवू नये. तेथे चांगले पिळणे, कपडे विरळ टांगणे व पंख्याचा वारा देणे यांनीच पुष्कळ काम होते.

घ्यावयाची काळजी

बंबाचे किंवा टाकीचे तोंड घट्ट बंद करू नये आणि टाकीच्या उभ्या नळीवर तोटी बसवू नये. कोंडलेली वाफ भांडे फोडते. बंबात पाणी नसताना विस्तव घालू नये.

८० अंशांचे पाणी अंगावर पडल्यास क्षणात भाजते. टाकीच्या तोटीला मुलांचा हात पोहोचणार नाही अशी व्यवस्था करावी. स्नानाचे पाणी घेताना प्रथम बादलीत थंड पाणी व नंतर गरम पाणी घ्यावे.

पेटी व बंबाचे जळण घालण्याचे तोंड यांत किमान एक मीटर अंतर व मध्ये भिंत असावी. न्हाणीघराला धूर जाण्यास वाट असावी.

बंब तांब्याचा व टाकी जस्ताच्या मुलाम्याच्या पत्र्याची असल्यास तांब्याच्या अंशाने टाकीचा मुलामा लवकर झिजतो. शक्य तेथे टाकी पोलादाच्या न गंजणाऱ्या पत्र्याची करावी. नाहीतर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासावी. टाकीतील पाणी पिण्यास वापरू नये.

पिकांवर औषध फवारताना घातलेले कपडे वेगळे धुवावेत व वेगळेच वाळवावेत.

पेटीतील ऊब कपडे कोरडे करते. रोगजंतू मारण्यास ती पुरेशी नाही. लंगोट व पाळीच्या वेळची कापडे उकळत्या पाण्यातून काढावीत व उघडीप मिळताच उन्हात घालावीत. उन्हासारखे दुसरे वाळवण नाही आणि त्याला जळण लागत नाही.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

हा विषय नुसता सांगून पटत नाही, तो दाखवावा. सारख्या वजनाचे दोन पंचे एकाच वेळी भिजवून सारखेच पिळावेत. ताणकाट्यावर दोहोंचे वजन करून गावकऱ्यांसमोर फळ्यावर लिहावे. एक बंद खोलीतील दोरीवर व दुसरा पेटीत टांगावा. सकाळी त्याच मंडळींसमोर पुन्हा वजन करावे. किती पाणी गेले हे काटाच सांगेल.

पेटीच्या वरच्या तोंडापाशी थंड पाण्याने भरलेला तांब्या थोडा वेळ धरावा. त्यावर दव जमले तर हवा कपड्यांतील पाणी घेऊन बाहेर जात आहे असे समजावे. मग खालची मोकळी जागा पोत्यांनी बुजवून काय फरक पडतो तेही दाखवावे. प्रात्यक्षिकाला घरातील स्त्रियांना आवर्जून बोलवावे, कारण पेटी चालविणार त्याच. शक्य असल्यास संध्याकाळी कामे आटोपल्यानंतरची वेळ ठेवावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. पावसाळी रात्री खोलीची दारे घट्ट लावल्यास कपडे का वाळत नाहीत?

२. पिळून काढलेले एक लिटर पाणी आणि वाफ करून घालविलेले एक लिटर पाणी यांच्या खर्चात काय फरक आहे?

३. पेटत्या कोळशाची शेगडी बंद खोलीत का ठेवू नये?

४. आपल्या गावात किती घरी रोज बंब तापतो? त्यांपैकी किती घरांच्या पडवीत अशी पेटी बसेल?