कोंडून गर्द सुटत नाही गं

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, ह्यांनी ठरवलंय, भाऊजींना गावच्या घरी नेऊन महिनाभर खोलीत ठेवायचं. गर्द मिळालीच नाही, तर ओढतील कुठून?" सासूबाई शेजारी होत्या, म्हणून मी विषय वाढवला नाही. आता निवांत आहेस, तर ऐक.

हा प्रयोग आपल्या अख्ख्या देशावर होऊन गेलाय. कोरोनामुळे २५ मार्च २०२० पासून लॉकडाऊन लागला, सगळं बंद झालं. दारूची दुकानं थेट मे महिन्यात उघडली. तेव्हा किती बायकांना वाटलं होतं, चला, या निमित्ताने तरी सुटेल! काहींची सुटलीही असेल. पण ज्यांच्या अंगात ती रोज मुरलेली होती, त्यांना दोन-तीन दिवसांत थरथर, भास, फिट्स सुरू झाल्या. बंगळूरच्या रुग्णालयांत असे गंभीर रुग्ण वाढल्याचं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय. आंध्रात कुरिचेडू गावी लोक सॅनिटायझर प्यायले आणि दहाहून जास्त माणसं गेली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये आपल्या यवतमाळच्या वणीत तेच झालं. दुकान बंद झालं, तलफ तशीच राहिली.

गर्दचं, म्हणजे हेरॉइनचं, दुखणं वेगळं आहे, आणि मला खरी भीती त्याचीच आहे. माल तुटला की टर्की लागते. नाक गळतं, जांभयांवर जांभया येतात, पाय आखडतात, जुलाब होतात, रात्र-रात्र डोळा लागत नाही. बघणाऱ्याला वाटतं, आता हा जातोय. एरवी धडधाकट माणूस टर्कीत सहसा दगावत नाही, पण उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं आणि बाहेरून कडी असली, तर काहीही होऊ शकतं.

त्याहून मोठा धोका कडी काढल्यानंतरचा. महिनाभर गर्द न मिळाल्याने शरीराची ती सोसायची ताकद उतरते. मनाला मात्र जुनाच हिशेब पाठ असतो. सुटल्यावर माणूस पूर्वीइतकीच पुडी घेतो आणि त्याचा श्वास मंदावत जातो. त्यातून नव्याने मिळालेल्या मालात काय मिसळलंय, किती कडक आहे, कुणाला माहीत? घेणारा घरात एकटा असला, तर हलवून उठवायलाही कुणी नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये ड्रग्जच्या अतिमात्रेने सत्तर हजारांवर माणसं गेली होती. २०२० मध्ये, कोरोनाच्या वर्षात, हा आकडा नव्वद हजारांपलीकडे गेला. त्यात फेंटानिल या जहाल ड्रगचा वाटा मोठा होता हे खरं, पण एकटेपणा आणि विस्कळीत झालेले उपचारही होतेच.

आणि लॉकडाऊनमध्ये बाजार थांबला म्हणतेस? तो थांबला नाही. माल कुरियरने, फोनवरच्या ओळखींतून, समुद्रमार्गे येत राहिला. सप्टेंबर २०२१ मध्ये एकट्या मुंद्रा बंदरात जवळजवळ तीन हजार किलो हेरॉइन पकडलं गेलं. तुमच्या गावच्या कडीचा तिथे काय निभाव लागणार?

लॉकडाऊनच्या काळात उपयोगी काय पडलं, ते सांगते. गर्दवाल्यांना सरकारी केंद्रांवर बुप्रेनॉर्फिनची गोळी देतात. तोवर ती रोज तिथे जाऊन, नर्ससमोर जिभेखाली ठेवावी लागायची. लॉकडाऊनमध्ये काही दिवसांच्या गोळ्या घरी न्यायची मुभा दिली. ज्यांच्यावर हा विश्वास टाकला, त्यांतल्या अनेकांचे उपचार तुटले नाहीत. भाऊजींना असा डॉक्टर हवा, कुलूप नको. पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, ते या गर्दपायीच. तिथे घरच्यांशीही बोलतात. सासूबाईंना घेऊन तू आधी जाऊन ये, हवं तर मीही येते.

पोलिसांची धास्ती आहे, ते कळतंय मला. पण स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अगदी थोड्या मालाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देणारं कलम अमली पदार्थांच्या कायद्यातच आहे, ६४ अ. वकिलाला विचारून खात्री करून घे, म्हणजे तुझ्या ह्यांच्या मनातलं भय जाईल.

आणखी एक, हे मात्र घोकून ठेव. भाऊजी कधी उठवूनही उठेनात, घोरल्यासारखा श्वास अडखळत असेल, ओठ निळे पडले असतील, तर शेजारी काय म्हणतील याचा विचार करत बसू नकोस. कुशीवर वळव, १०८ ला फोन कर आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांग.

गावाला जायची तिकिटं काढली असतील, तर आजच रद्द करायला लाव. आणि व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, फुकट आहे. जेवणं आटोपली की भाऊजींना शेजारी बसव आणि त्यांच्यासमोरच फोन लाव.