आधी चालवून बघ, मग बसव

बाळा, मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. तुझा लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, म्हणून लगेच भंगारात काढू नकोस. चार जीबी रॅम असली तरी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम त्यावर चालेल.

आधी फोटो, मार्कशीट, बाबांची टॅक्सची कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घे. तिथून दोन-चार फायली उघडूनही बघ. नुसतं ‘कॉपी झालं’ यावर विसंबू नकोस. विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेव.

मिंट बसवायला आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, पण त्यातलं सगळं पुसलं जातं. आयएसओ फाइल मिंटच्या मूळ साइटवरूनच उतरव आणि ती धड उतरली का हे कळायला तिचा चेकसम साइटवरच्याशी जुळतो का ते बघ. ती फाइल पेनड्राइव्हवर नुसती पेस्ट करून लॅपटॉप सुरू होत नाही, रूफस या प्रोग्रामने लिहावी लागते. मग पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करताना डेल किंवा लेनोवो असेल तर एफ१२ दाब. एचपीला बहुतेक एस्केप आणि मग एफ९ लागतं.

समोर मिंटचा डेस्कटॉप आला की लगेच ‘इन्स्टॉल’वर जाऊ नकोस. अजून सगळं पेनड्राइव्हवरूनच चाललंय, आतल्या डिस्कला धक्का लागलेला नाही. वायफाय जोडून बघ, गाणं लाव, कॅमेरा उघड, झाकण मिटून परत उघड. जे अडायचं ते इथेच अडू दे.

खरी जोखीम डिस्क निवडताना असते. यादीत ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावं दिसतील. त्यावरून ठरवू नकोस, आकार वाच. पाचशे जीबी म्हणजे आतली डिस्क, आठ जीबी म्हणजे पेनड्राइव्ह. ‘इरेज डिस्क’ निवडलंस तर विंडोजसकट सगळं जाईल. चार्जर लावलेला ठेव. जुनी बॅटरी मध्येच दगा देते.

बसवून झालं की कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडून घे. खारघर स्टेशनसमोरच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आता सामावलेल्या एनसीएसटी या संस्थेने इंडिक्स प्रकल्पात लिनक्सवर भारतीय लिप्या आणण्यासाठी काम केलं. सी-डॅकचं डेबियनवर आधारलेलं बॉस लिनक्सही आहे. आपल्या भाषेसाठी एवढी माणसं खपली आहेत, तर तू मराठीत टाइप कर.

कुठे अडलास तर रात्री कितीही वाजता फोन कर, फक्त ‘इरेज’ दाबायच्या आधी कर.