वाईट आकड्याचे निदान

सन २००० च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो येथे आमच्या भाच्याकडे दीड महिना मुक्काम घडला. परिषद, रुग्णालयभेट असे काही त्या प्रवासात नव्हते. निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेल्या एका फिजिशियनची ती साधी सुट्टी होती. तरीही 'हा पुढे सुधारेल का?' या आपल्या व्यवसायातील नित्याच्या प्रश्नाची जी उलटतपासणी भाच्याच्या घरामागच्या अंगणात ऐकावयास मिळाली, ती पुढे कितीतरी वर्षे मनात घोळत राहिली. त्या चर्चेतील रोगी होता एक बेसबॉलपटू.

विजय हजारे ज्या संघाकडून खेळले त्या बडोद्यातील वाचकांस क्रिकेट शिकविण्याचे धाडस मी करणार नाही. बेसबॉलची मात्र थोडी तोंडओळख करून द्यावयास हवी. यातील गोलंदाजास पिचर म्हणतात. तो फलंदाजापासून साडेसाठ फुटांवर उभा राहून चेंडू टप्पा न पाडता फेकतो. फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतचा जो एक काल्पनिक चौकोन असतो त्यातून चेंडू काढावयाचा. फलंदाज तीनदा चुकला तर बाद, हा स्ट्राइकआउट. चौकोनाबाहेर चार चेंडू पडले तर फलंदाज फुकटात पहिल्या तळावर जातो, हा वॉक. तीन गडी बाद झाले की डाव संपतो आणि प्रत्येक संघाला असे नऊ डाव मिळतात. सामन्याचा प्रारंभ करणारा पिचर साधारण शंभर चेंडू फेकून थांबतो आणि बहुधा पाचव्या दिवशी पुन्हा उभा राहतो. क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून, दर नऊ डावांमागे त्याने किती धावा दिल्या ही त्याची सरासरी. तीनच्या आत असेल तर उत्तम. अमेरिकन लीगमध्ये त्या वर्षी सर्वांची मिळून ती पाचच्या आसपास होती.

रॉय हॅलडे या टोरांटो ब्लू जेजच्या तेवीस वर्षांच्या पिचरची त्या हंगामातील सरासरी होती १०.६४. एका हंगामात निदान ५० डाव टाकलेल्या पिचरांमध्ये इतकी वाईट सरासरी त्यापूर्वी कोणाच्याही नावावर नव्हती.

दुःख अधिक होण्याचे कारण असे की हा मुलगा सामान्य नव्हता. १९९५ साली संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले होते. सप्टेंबर १९९८ मध्ये, मोठ्या स्पर्धेतील आपल्या दुसऱ्याच सामन्यात, शेवटच्या डावात दोन गडी बाद होईपर्यंत त्याने प्रतिपक्षाला एकही यशस्वी फटका मारू दिला नव्हता. १९९९ ची त्याची सरासरी ३.९२ होती. आणि आता हे!

अंगणातल्या त्या चर्चेत तीन पक्ष होते. पहिला शेजारचे वृद्ध गृहस्थ, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचे मत ठाम होते: ''पोरगा संपला. चेंडू सरळ येतो, सगळ्यांना दिसतो.'' दुसरा पक्ष आमच्या भाच्याचा. तो व्यवसायाने विमागणितज्ञ. ''मामा, आकडा फार थोड्या सामन्यांचा आहे. दैव उलटले की असे होते. थांबा, आपोआप खाली येईल,'' असे तो मला साक्षीला धरून सांगे. तिसरा पक्ष भाचेसुनेचा, आणि ती फिजिओथेरपिस्ट. चहा देता देता ती एकच प्रश्न विचारी: ''पण त्याचा खांदा, कोपर कोणी तपासले का?'' वैद्यकाचा विद्यार्थी या नात्याने मला तिचे म्हणणे सर्वांत शहाणपणाचे वाटले होते, हे कबूल करतो.

आज मागे वळून पाहताना वाटते की ते तिघे एकाच प्रश्नावर भांडत नव्हतेच. भाचा विचारत होता, वाईट आकड्यात योगायोग किती? भाचेसून विचारत होती, उरलेल्या भागाचे कारण शरीरात आहे का? आणि शेजारी विचारत होते, कारण सापडले तरी ते दूर होईल का? तीन वेगळे प्रश्न, आणि तिन्हींना लागणारा पुरावाही वेगळा.

प्रथम भाच्याचा प्रश्न घेऊ. पहिल्याच भेटीत १७० रक्तदाब निघालेला रुग्ण पुढच्या भेटीत, गोळी न घेताही, बहुधा काहीसा खाली आलेला असतो हे आपण रोज पाहतो. टोकाच्या आकड्यामागून येणारा आकडा मध्याकडे झुकतो. गाल्टनने एकोणिसाव्या शतकात हे आईबापांच्या व मुलांच्या उंचीवरून दाखविले. बेसबॉलमध्ये या विचाराला धार आली ती आमच्या अंगणातील वादानंतर काही महिन्यांनी. २००१ साली व्होरॉस मॅक्रॅकन या हौशी अभ्यासकाने असे मांडले की, फलंदाजाने मारलेला चेंडू मैदानात पडला की तो झेलला जातो की निसटतो यावर पिचरचा ताबा फारच थोडा असतो. ताबा असतो तो प्रामुख्याने तीन गोष्टींवर: स्ट्राइकआउट, वॉक आणि थेट सीमेपार जाणारा होमरन. पुढे रसेल कार्लटन या अभ्यासकाने (हे चिकित्सा-मानसशास्त्राचे पदवीधर, हे आपल्यासाठी मुद्दाम नोंदवितो) कोणता आकडा किती नमुन्यानंतर विश्वासार्ह होतो याचा हिशेब केला. स्ट्राइकआउटचे प्रमाण सुमारे ७० फलंदाजांनंतर बोलू लागते, वॉकचे सुमारे १७० नंतर. मैदानात पडलेले चेंडू निसटण्याचे प्रमाण मात्र दोन हजार चेंडूंनंतरही जेमतेमच विश्वासार्ह असते.

हॅलडेने २००० साली सदुसष्ट डाव व वर दोन गडी एवढीच गोलंदाजी केली. त्यात १०७ फटके, ४२ वॉक, ४४ स्ट्राइकआउट, १४ होमरन. केवळ वरील तीन गोष्टींवरून सरासरी काढण्याची जी रीत पुढे रूढ झाली ती येथे लावली तर उत्तर सहा ते साडेसहाच्या दरम्यान येते. म्हणजे १०.६४ मधील मोठा वाटा दैवाचा, अशी भाच्याची बाजू खरी ठरते. हिशेब ढोबळ आहे. सरळ येणारा चेंडू फलंदाज जोराने मारतो, त्याला सर्वस्वी दैव म्हणता येणार नाही. पण साडेसहा म्हणजेही काही आरोग्य नव्हे. दर नऊ डावांमागे साडेपाच वॉक हा आकडा योगायोगाने येत नाही. ज्वर थोडा मापकाचा होता, थोडा खरा होता.

न्यूयॉर्क राज्यात १९९० च्या दशकापासून हृदयशस्त्रक्रियांतील मृत्यूंचे प्रमाण शल्यविशारदाच्या नावानिशी प्रसिद्ध होते, ते रुग्णांच्या मूळ जोखमीचा हिशेब वजा करूनच. त्यामागचा विचार हाच.

आता भाचेसुनेचा प्रश्न. पिचरच्या कोपराच्या आतील बाजूचा अस्थिबंध हा या खेळाचा दुबळा दुवा. १९७४ साली टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरचा हा बंध तुटला तेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातील एक स्नायुरज्जू काढून डाव्या कोपरात बसविला. पुन्हा खेळण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक अशी सांगितली होती. जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. (शल्यविशारदाऐवजी रुग्णाचे नाव मिळालेली शस्त्रक्रिया तशी विरळाच.) म्हणून घसरलेल्या पिचरच्या चेंडूचा वेग उतरला आहे का, हे प्रथम पाहावे लागते. हॅलडेचा वेग ताशी नव्वद मैलांच्या वरच होता. कारण कोपरात नव्हते. माझा अंदाज चुकला होता.

राहिले शेजारी. २००१ च्या प्रारंभी संघाने हॅलडेला थेट फ्लोरिडातील डनीडिन येथे, अगदी खालच्या वर्गात पाठविले. मोठ्या स्पर्धेत तीन हंगाम खेळलेल्या तरुणाला पुन्हा प्राथमिक शाळेत बसविण्याचा तो प्रकार होता. तेथे मेल क्वीन या जुन्या प्रशिक्षकाने त्याला आधी कठोर शब्दांत झोडपले आणि मग त्याच्या हाताची फेक मुळापासून बदलली. पूर्वी हात डोक्यावरून येत असे आणि चेंडू वेगवान पण सरळ जाई. आता हात तिरका, खांद्याच्या किंचित वरून येऊ लागला. चेंडू अखेरच्या क्षणी खाली बसू लागला किंवा बाजूला सरकू लागला. त्याच सुमारास त्याच्या पत्नीने, ब्रँडीने, दुकानातून हार्वी डॉर्फमन यांचे पिचरच्या मानसिकतेवरील पुस्तक आणून दिले. ते तो पुढे सतत जवळ बाळगी. जुलै २००१ मध्ये तो टोरांटोस परतला.

येथे चिकित्सकाने सावध राहावे. तळ गाठलेल्या माणसाला रागावले काय, औषध दिले काय, की ताईत बांधला काय, पुढचा आकडा बरा येण्याचीच शक्यता अधिक. क्वीन यांच्या रागावण्याचे श्रेय असेच फुकटचे असू शकते. म्हणून मी सरासरी बाजूला ठेवून वॉक मोजले. २००१ मध्ये १०५ डावांत अवघे २५ वॉक, म्हणजे नऊ डावांमागे दोनच्या किंचित वर. आदल्या वर्षी साडेपाच होते. स्ट्राइकआउट नऊ डावांमागे सहाच्या आतून आठच्या वर गेले. हे दैवाच्या आवाक्यातले आकडे नव्हेत. माणूसच बदलला होता. २००३ मध्ये २२ विजय आणि सर्वोत्तम पिचरचे साय यंग पारितोषिक. २०१० मध्ये फिलाडेल्फियाकडून ते दुसऱ्यांदा, आणि त्याच वर्षी मे महिन्यात एकाही फलंदाजाला तळावर न पोहोचू देणारा 'परिपूर्ण' सामना.

पण या कथेने भुलून जाऊ नये. परतलेल्यांच्या कथा सांगितल्या जातात. न परतलेल्यांची नावे सहसा कोणाला आठवत नाहीत. आठवते ते एक नाव स्टीव्ह ब्लास. पिट्सबर्गच्या या पिचरने १९७१ च्या जागतिक मालिकेत दोन सामने जिंकून दिले. १९७२ मध्ये २४९ डावांत त्याने ८४ वॉक दिले, सरासरी २.४९. १९७३ मध्येही नेमके ८४ वॉक, पण डाव फक्त ८८! सरासरी ९.८५. शरीरात काही सापडले नाही. वेग होता, सरावात चेंडू हवा तेथे पडे. फलंदाज समोर आला की पडत नसे. पुष्कळ उपाय झाले. १९७५ मध्ये तो निवृत्त झाला आणि त्याचे नाव एका व्याधीला मिळाले. ऑक्टोबर २००० मध्ये सेंट लुईसच्या रिक अँकिएल या तरुण पिचरलाही तिने भर सामन्यात गाठले. एका डावात पाच चेंडू स्वैर गेले. तो पुढे फलंदाज म्हणून परतला, पिचर म्हणून त्याचा पूर्वीचा जम पुन्हा बसला नाही. वॉकचे आकडे हॅलडेचे आणि ब्लासचे दोघांचेही रोगाचीच साक्ष देत होते. रोग आहे, एवढे आकड्याने कळले. रोग जाईल का, ते नाही कळले. त्यासाठी कोणीतरी जवळ उभे राहून हात पाहावा लागतो आणि प्रेक्षक नसलेल्या मैदानावर पुन्हा पुन्हा टाकून पाहावे लागते.

हे सारे लिहिताना एक जुनी गोष्ट आठवते. शिकवीत असताना माझ्या हाताखालील एका निवासी डॉक्टरचे एका महिन्यात तीन लंबर पंक्चर फसले. मी प्रतिकूल शेरा लिहून ठेवला. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने नंतर विचारले, ''तीन कितीपैकी? आणि रुग्ण कोणते?'' पाहिले तर दोघांच्या पाठीचे मणके संधिवाताने जखडलेले. तिसऱ्या वेळी मात्र चूक मुलाचीच होती: तो रुग्णाला नीट वळवून निजवीत नव्हता. आठवड्यात सुधारता आली असती अशी चूक. मी हे पाहीपर्यंत त्याने शाखा बदललेली होती. शेरा आजही त्या कागदांत असेल.

हॅलडेचे पुढचे आयुष्य सरळ गेले नाही. पाठीच्या दुखण्यामुळे त्याने २०१३ अखेर निवृत्ती घेतली. ७ नोव्हेंबर २०१७ रोजी फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ स्वतः चालवीत असलेले लहान विमान कोसळून त्याचा मृत्यू झाला. वेदनाशामक औषधांच्या आहारी जाणे आणि मनाची जुनी धास्ती यांविषयी त्याच्या पत्नीने २०२० मध्ये एका माहितीपटात मोकळेपणाने सांगितले आहे. ते पाहिल्यानंतर भाचेसुनेच्या प्रश्नाकडे मी पुन्हा नव्याने पाहू लागलो. शरीर तपासण्याची वेळ एकदाच येते असे नाही.

२९ मार्च २०१८ रोजी टोरांटोने त्याचा ३२ क्रमांक सन्मानाने कायमचा निवृत्त केला. भाचा शेजारच्या गृहस्थांना घेऊन त्या समारंभास गेला होता. परतीच्या वाटेवर त्याने त्यांना अठरा वर्षांपूर्वीचे भाकीत आठवून दिले. वृद्ध गृहस्थ जराही वरमले नाहीत. ''मी बरोबरच सांगितले होते,'' ते म्हणाले, ''तो पिचर तेव्हाच संपला. परत आला तो दुसरा.''