अक्षरी आकडा आणि हिशेबी आकडा



सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपण वर्गात शिकलो. या पाठात त्याच आकड्यांची कॉम्प्युटरशी गाठ घालून देऊ. तुमच्यापैकी पुष्कळांचे आई-बाबा प्रोग्रॅमिंगच्या नोकरीत आहेत. त्यांना शेजारी बसवून हा पाठ वाचा.

भारतात पावतीवर रक्कम दोनदा लिहितात. आधी "रु. १,२५,०००/-" आणि त्याखाली "अक्षरी रुपये एक लाख पंचवीस हजार फक्त". शेवटची '/-' ही खूण आणि 'फक्त' हा शब्द उगाच नाहीत. पुढे कोणी एखादे शून्य किंवा शब्द घुसडू नये म्हणून घातलेले ते कुंपण आहे. इथल्या चेकवरही रक्कम अंकांत आणि शब्दांत लिहितात. दोन्ही जुळले नाहीत तर अक्षरी रक्कम खरी धरावी, असे अमेरिकेचा व्यापारी कायदा सांगतो. भारताचा १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टही तेच सांगतो. एका आकड्याला दुसरा साक्षीदार हवा, हे माणसांना फार पूर्वीच कळले होते.

कॉम्प्युटरजवळ असा साक्षीदार नसतो. तो आपण द्यावा लागतो.

कॉम्प्युटरला 'सात' कसा दिसतो?

तुम्ही सात टाइप केलात की कॉम्प्युटरला सात ही संख्या मिळत नाही, एक अक्षर मिळते. प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. इंग्रजी सातचा क्रमांक ५५ आणि इंग्रजी शून्याचा ४८. वजाबाकी करा: ५५ - ४८ = ७. आता मिळाली खरी संख्या! आपल्या देवनागरी '७' चा युनिकोडमधला क्रमांक २४१३ आणि '०' चा २४०६. वजाबाकी पुन्हा ७ च.

मोठा आकडा डावीकडून वाचतात. १२५ घ्या. आधी १. मग १ × १० + २ = १२. मग १२ × १० + ५ = १२५. झाले!

चूक कुठे होते?

१. स्वल्पविराम. सव्वा लाख आपण १,२५,००० असे लिहितो, अमेरिकेत १२५,००० असे लिहितात. स्वल्पविराम काढले तर दोन्ही सारखेच. पण ते न काढता व्हिज्युअल बेसिकमधल्या 'व्हॅल' या आज्ञेला १,२५,००० दिले, तर ती पहिल्या स्वल्पविरामाशी थांबते आणि उत्तर देते १. सव्वा लाखाचा एक रुपया झाला, आणि तक्रार काहीच नाही! पायथन भाषेतली 'इंट' ही आज्ञा मात्र तिथेच अडते आणि चूक दाखवते. अडणारा प्रोग्रॅम त्रासदायक वाटतो, पण हिशेबात तोच बरा.

२. टिंब. जर्मनीत १.२५० म्हणजे साडेबाराशे. आपल्याकडे आणि अमेरिकेत तोच आकडा म्हणजे सव्वा. केवळ आकडा पाहून हे ओळखता येत नाही. कागद कोणत्या देशातून आला हे आधी विचारावे लागते.

३. लिपी. '१२५' हे देवनागरी अंक पायथनची 'इंट' आज्ञा बरोबर वाचते. जावास्क्रिप्टची 'नंबर' ही आज्ञा मात्र "हा आकडाच नव्हे" असे उत्तर देते. मराठी फॉर्म भरून घेणाऱ्याने हे आधी तपासावे.

४. आकड्यासारखे दिसणारे, पण आकडा नसलेले. न्यू जर्सीतल्या एडिसनचा एक झिप कोड ०८८२० आहे. त्याची संख्या केली की पुढचे शून्य गळते आणि उरते ८८२०. पत्र कुठे जाईल? एक सोपी कसोटी लक्षात ठेवा: ज्याची बेरीज करण्यात अर्थ नाही, त्याची संख्या करू नये.

५. सेंट. कॉम्प्युटर बहुतेक अपूर्णांक दोनच्या पटीत मोडून ठेवतो. तिथे ०.१ नेमका बसत नाही. म्हणून पुष्कळ भाषांत ०.१ + ०.२ चे उत्तर ०.३ च्या किंचित वर येते. हजारो व्यवहारांत असे किंचित साचत जाते. उपाय जुनाच आहे: डॉलरऐवजी सेंट मोजा, म्हणजे पूर्णांकच राहतील, किंवा दशमान पद्धतीने संख्या ठेवा. व्यापारी हिशेबासाठी १९६० च्या सुमारास आलेल्या कोबोल भाषेत ही सोय पहिल्यापासून आहे.

लक्षात ठेवा

मूळ मजकूर जसा आला तसा जपून ठेवा. तो कोणत्या पद्धतीने लिहिला आहे ते ठरवा. मगच संख्या करा. संख्या पुन्हा लिहून मूळ मजकुराशी ताडून पाहा. शंका आली तर अंदाज करू नका, थांबा आणि विचारा. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. 'माहीत नाही' आणि 'काही नाही' यांत फार फरक आहे!

शब्दार्थ

अक्षरी – शब्दांत लिहिलेली (रक्कम)
घुसडणे – मध्येच चोरून घालणे
ताडून पाहणे – दोन गोष्टी जुळतात का ते बघणे
दशमान – दहाच्या पटीत मोजण्याची पद्धत

स्वाध्याय

१. अंकांत लिहा: सव्वाशे, पावणेदोनशे, साडेतीनशे, अडीच हजार, दीड लाख.
२. यांपैकी कशाची संख्या करावी? फोन नंबर, वय, झिप कोड, वर्गाची फी.
३. अमेरिकन हिशेबवहीत (५००) असे कंसात लिहिले तर त्याचा अर्थ काय? आई-बाबांना विचारा.

उत्तरे: १. १२५, १७५, ३५०, २,५००, १,५०,०००. २. वय आणि फी. ३. वजा ५००.

पालकांसाठी: या आठवड्यात घरातली एखादी बिलाची रक्कम मुलांकडून मराठीत अक्षरी लिहून घ्या. एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांत गोंधळ होतो, तिथे रागावू नका. 'एकोण' म्हणजे 'एक कमी', एवढे सांगितले की मुलांना कोडे आपोआप सुटते.