चित्र कोठे सापडते?

चित्रकलेचा तास होता. "आज मनाला येईल ते चित्र काढा," असे मी मुलांना सांगितले. अर्ध्या तासाने मी वह्या पाहू लागलो. पाहतो तर काय, जवळजवळ सगळ्या वह्यांत एकच चित्र! दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नारळाचे झाड आणि झोपडीपुढून वाहणारी नदी.

मी विचारले, "असे घर तुमच्यापैकी कोणी पाहिले आहे का?"

सगळी मुले हसली. आमचे गाव मालेगाव. यंत्रमागांचे गाव. येथे असे घर कोठून दिसणार?

शेवटच्या बाकावरील एका मुलाची वही मात्र कोरी होती. तो उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, आमच्या मोहल्ल्यात चित्र काढण्यासारखे काहीच नाही. घराला लागूनच कारखाना आहे. दिवसरात्र मागांची खडखड चालते. त्याचे काय चित्र काढायचे?"

त्याच्या बोलण्यात आपल्या घराविषयी लाज होती. मला वाईट वाटले. मी फळ्यावर खडूने एक ठिपका काढला आणि म्हणालो, "मुलांनो, आज मी तुम्हांला एका ठिपक्याची गोष्ट सांगतो."

सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ मध्ये मध्य प्रदेशातील एका गावी झाला. त्यांचे वडील वनखात्यात नोकरीला होते. त्यामुळे लहानपण जंगलाच्या सोबतीने गेले. रात्री जंगलात दाट अंधार असे. लहानग्या हैदरला त्याची भीती वाटे. सकाळी सूर्य उगवला की भीती पळून जाई. बाजाराच्या दिवशी तर सारे गाव रंगांनी फुलून जाई. काळा अंधार आणि झगझगीत रंग, दोन्ही त्याच्या मनात ठसले.

शाळेत हैदरचे लक्ष लागत नसे. मन सारखे इकडेतिकडे भटके. त्याच्या गुरुजींनी त्याला मारले नाही. त्यांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितले, "बाकी सगळे विसर आणि याच्याकडे पाहा." हैदर पाहत राहिला. हळूहळू त्याचे मन स्थिर झाले.

पुढे रझा यांनी नागपूरच्या कलाशाळेत आणि मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले. मुंबईत पोटासाठी त्यांना नोकरी करावी लागली. तरी त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही. शहरातील रस्ते आणि इमारती हेच त्यांच्या चित्रांचे विषय झाले. १९५० मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे त्यांनी नाव मिळवले. १९५६ मध्ये तेथील समीक्षकांचा मोठा पुरस्कारही त्यांना मिळाला. पण मनाचे समाधान होईना. आपल्या चित्रांत आपले काय आहे, असा प्रश्न त्यांना पडला. ते पुन्हा पुन्हा भारतात येऊ लागले. उत्तर त्यांना लहानपणीच मिळाले होते! १९८० च्या सुमारास त्यांच्या चित्रांत तो ठिपका मोठा होऊन आला. त्याला ते 'बिंदू' म्हणत. काळा बिंदू आणि त्याभोवती लाल, पिवळे, निळे, पांढरे रंग. या चित्रांनी ते जगभर ओळखले जाऊ लागले. २०१३ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. २०१६ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

गोष्ट संपली. मी म्हणालो, "जगभर फिरलेल्या माणसाला चित्र कोठे सापडले? आपल्या शाळेच्या भिंतीवर! तेव्हा घरी जा. एकच वस्तू निवडा. ती पाच मिनिटे नुसती पाहा. मग पेन्सिल उचला."

पुढच्या आठवड्यात कोणी अंगणातील शेळी काढून आणली, कोणी भाकरी भाजणारी आजी, तर कोणी पावसाने ओल आलेली भिंत. शेवटच्या बाकावरील मुलाने आपले अब्बा काढले होते. ते मागाशी वाकून तुटलेला धागा जोडत होते. कापसाचे तंतू बसून त्यांचे काळे केस पांढरे झाले होते. वर एक बल्ब जळत होता. कागदावर एका ठिकाणी बरेच खोडलेले दिसत होते.

"येथे काय झाले?" मी विचारले.

तो म्हणाला, "सर, मी अब्बांना चित्र दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, 'बेटा, सावली चुकली. बल्ब माझ्या पाठीमागे असतो. सावली मागावर पडेल.' मी कारखान्यात जाऊन पुन्हा पाहिले. त्यांचेच बरोबर होते. मी रोज तेथून जातो, पण मला ते कधी दिसले नव्हते."

या वेळी त्याची मान खाली नव्हती. ते चित्र आम्ही वर्गाच्या भिंतीवर लावले.

शब्दार्थ
ठसणे : मनावर कायमचा परिणाम होणे
समीक्षक : कलेचे गुणदोष सांगणारा
तंतू : बारीक धागा
स्थिर : न हलणारे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शेवटच्या बाकावरील मुलाची वही कोरी का होती?
(आ) गुरुजींनी हैदरला काय करायला सांगितले?
२. मुलाने चित्रातील सावली का बदलली? चार-पाच वाक्यांत लिहा.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : अंधार, स्थिर, कोरी.
४. आपल्या घरातील एक वस्तू पाच मिनिटे पाहा. पूर्वी न दिसलेल्या तीन गोष्टी लिहा आणि तिचे चित्र काढा.