रायच्या बिअरचा स्पर्धेतील वर्ग

राय हे गव्हाच्या जवळचे एक तृणधान्य आहे. फोडणीतल्या राईशी, म्हणजे मोहरीशी, त्याचा काहीही संबंध नाही. जर्मनी, पोलंड व रशिया येथील थंड हवेत आणि हलक्या जमिनीत ते पिकते व त्याचा काळपट पाव केला जातो. रायचे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, सातूच्या माल्टमध्ये मिसळले की बिअरला किंचित तिखटसर, पावासारखी चव येते.

अमेरिकेत १९७८ साली संमत झालेल्या कायद्यामुळे घरापुरती बिअर तयार करणे करमुक्त झाले आणि हौशी लोकांच्या स्पर्धा वाढीस लागल्या. १९८५ मध्ये ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ ही परीक्षकांची संस्था निघाली. तिच्या शैलीविषयक मार्गदर्शिकेत प्रत्येक वर्गाचे वर्णन दिलेले असते. एकूण ५० गुणांपैकी सुवासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १० गुण असतात. परीक्षक हे गुण त्या वर्णनाशी ताडून देतो. म्हणून उत्तम बिअरही चुकीच्या वर्गात गेल्यास मागे पडते. महिन्याभराचे श्रम वाया जातात ते असे.

रायच्या बिअरला मुख्यतः तीन वर्ग खुले असतात.

पहिला वर्ग रोगेनबिअरचा. ही बव्हेरियातील बिअर असून तिच्यात निम्मे किंवा त्याहून अधिक माल्ट रायचे असते. परंतु केवळ प्रमाणाने ती सिद्ध होत नाही. गव्हाच्या बव्हेरियन बिअरचे यीस्ट तिच्यात वापरतात व त्यामुळे केळ्याचा आणि लवंगेचा सुवास येतो. कडवटपणा १० ते २० एककांइतका मंद असतो. तिच्यात शहाजिरे घालणे मात्र अनुचित होय. रायच्या पावात पुष्कळदा शहाजिरे असल्यामुळे तोच रायचा स्वाद, असा अनेकांचा गैरसमज झालेला आहे.

दुसरा वर्ग राय आयपीएचा. येथे हॉपच्या फुलांचा सुवास आणि ५० ते ७५ एककांचा ठसठशीत कडवटपणा प्रधान असतो. राय साधारणतः १५ ते २० टक्के असून ती हॉपला कोरडी, तिखट जोड देते.

तिसरा वर्ग पर्यायी धान्याच्या बिअरचा. ओळखीच्या एखाद्या शैलीत निराळे धान्य घातले आणि त्याचा स्वाद स्पष्ट जाणवला, तर बिअर येथे येते. प्रवेशपत्रिकेवर त्या धान्याचे नाव लिहावेच लागते.

एक उदाहरण घेऊ. एका हौशी माणसाने ४० टक्के राय व ६० टक्के सातू घेऊन, स्वतःचा विशेष वास न देणाऱ्या अमेरिकन यीस्टने बिअर केली. कडवटपणा ३५ एकके आला. राय भरपूर म्हणून ती रोगेनबिअर, असे त्याला वाटेल. पण केळे व लवंग यांचा मागमूस नाही आणि कडवटपणाही अधिक आहे. राय आयपीएसाठी तोच कडवटपणा अपुरा पडतो. तेव्हा पर्यायी धान्याचा वर्ग योग्य ठरतो. तेथे ‘राय’ हे धान्य आणि ‘अमेरिकन पेल एल’ ही मूळ शैली नोंदवावी. याउलट, १० टक्के राय घालूनही तिची चव लागत नसेल, तर ती बिअर सरळ मूळ शैलीच्या वर्गात पाठवावी.

चवीबरोबर स्पर्शही तपासावा. रायला टरफल नसते व तिच्यातील डिंकासारख्या कर्बोदकांमुळे रस दाट होतो. तो गाळताना अडतो, म्हणून त्यात भाताचे तूस मिसळतात. हाच दाटपणा पेल्यातही उतरतो.

वर्गवारी बदलत असते, हेही ध्यानात ठेवावे. २००८ च्या मार्गदर्शिकेत गव्हाच्या व रायच्या अमेरिकन बिअरसाठी एकच वर्ग होता. २०१५ च्या आवृत्तीत त्यातून राय वगळली गेली आणि रोगेनबिअरची गणना ऐतिहासिक बिअरमध्ये झाली. यास्तव स्पर्धा कोणती आवृत्ती मानते, हे आधी पाहावे.

परीक्षकापुढे कृतीचा कागद नसतो, पेला असतो. भांड्यात काय घातले हे क्षणभर विसरून, परक्याची बिअर चाखावी तशी आपली बिअर ज्याला चाखता येते, त्याला वर्ग निवडणे अवघड जात नाही.